दोन सुरांची बेरीज डोळ्यांनी बघायची असेल तर

फळ्यावर दोन लहरी काढता येतात, एक पांढऱ्या खडूने आणि दुसरी पिवळ्या खडूने. पण त्या दोघींची बेरीज करून जी तिसरी येते ती हाताने धड काढता येत नाही, आणि बारावीच्या फिजिक्समधला तरंगांच्या अध्यारोपणाचा अख्खा धडा त्या तिसऱ्या लहरीवरच उभा आहे. मुलं सूत्र पाठ करतात, गणितं सोडवतात, मार्कही मिळवतात, पण दोन आवाज एकाच वेळी आले की हवेत नक्की काय होतं हे विचारलं की गप्प बसतात. मी बरीच वर्षं हा धडा शिकवतोय आणि माझं आता पक्कं मत झालंय की हा धडा फळ्यावर नाही, स्क्रीन आणि स्पीकर शेजारी शेजारी ठेवूनच शिकवायला हवा, आणि त्यासाठी लागणारं सगळं फुकट मिळतं.

आधी मूळ गोष्ट. गणपतीच्या मिरवणुकीत तुम्ही उभे आहात, ढोल चाललाय, ताशा चाललाय, झांजा आहेत, शेजारचा माणूस कानात काहीतरी ओरडतोय. आवाज चार, पण तुमच्या एका कानाला पडदा एकच, आणि तो पडदा एका क्षणी एकाच जागी असू शकतो, ढोलासाठी इकडे आणि ताशासाठी तिकडे असं त्याला करता येत नाही. मग तो करतो काय, तर त्या क्षणी ढोल त्याला जेवढा आत ढकलतोय आणि ताशा जेवढा बाहेर खेचतोय त्याची साधी बेरीज. एकाने अधिक ३ केलं आणि दुसऱ्याने अधिक २, तर ५. एकाने अधिक ३ आणि दुसऱ्याने वजा ३, तर शून्य, पडदा जागच्या जागी. बस, अध्यारोपण म्हणजे एवढंच, दुसरीतली बेरीज-वजाबाकी. फक्त ती सेकंदाला हजारो वेळा करायची असते, म्हणून माणसाच्या हाताला जमत नाही आणि कॉम्प्युटरला सहज जमते.

सुरुवात मी ऑडॅसिटीने करतो. आवाज रेकॉर्ड आणि एडिट करायचं हे सॉफ्टवेअर, २००० सालापासून फुकट मिळतंय, कॉलेजच्या जुन्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवरसुद्धा चालतं आणि एकदा टाकलं की नेट लागत नाही, जे आपल्याकडच्या लॅबमध्ये फार महत्त्वाचं आहे. जनरेट मेन्यूत टोन म्हणून पर्याय आहे, तिथे साइन, म्हणजे साधी गुळगुळीत लहर, निवडायचं, फ्रिक्वेन्सी, म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं, ४४० हर्ट्झ, वेळ दहा सेकंद. मग रिकाम्या जागेवर क्लिक करून दुसरा टोन, ४४४ चा. हे रिकाम्या जागेवर क्लिक करणं विसरू नका, पहिला ट्रॅक सिलेक्ट राहिला तर नवा टोन त्याच ट्रॅकमध्ये जाऊन बसतो. आणि अजून एक, अँप्लिट्यूड, म्हणजे लहरीची उंची, आधीच ०.८ भरलेलं असतं ते ०.४ करा. कारण ऑडॅसिटीत आवाजाची हद्द अधिक १ ते वजा १ एवढीच आहे, ०.८ आणि ०.८ मिळून १.६ होतात आणि हद्दीबाहेरचा भाग प्ले होताना वरून खालून सपाट कापला जातो. त्या कापाकापीमुळे आवाजात जी खरखर येते ती मूळ दोन्ही सुरांत नसते, मुलांना वाटतं बेरीज केली की आवाज असा फाटतोच, आणि चुकीची गोष्ट डोक्यात पक्की होते.

आता दोन्ही वेगवेगळे ऐकवा. ४४० आणि ४४४ यातला फरक सहसा कोणाला नीट सांगता येत नाही. मग एकत्र वाजवा. आवाज मोठा होतो, बारीक होतो, पुन्हा मोठा, सेकंदाला बरोबर चार वेळा. यांनाच बीट्स म्हणायचं. इथे माझी एक सवय आहे, अजून स्क्रीनवर बेरजेची लहर दाखवलेली नसते, मुलांना वहीत काढायला सांगतो की तुमच्या मते ती कशी दिसत असेल. कोणी दोन लहरी एकमेकींत गुंफलेल्या काढतं, वेणीसारख्या, कोणी नुसती मोठी लहर काढतं. काहीही काढू दे, पण काढल्याशिवाय बटण दाबायचं नाही. मग दोन्ही ट्रॅक सिलेक्ट करून मिक्स अँड रेंडरने नवा ट्रॅक करायचा आणि समोर येते मण्यांची माळ, फुगलेली, आवळलेली, फुगलेली, आवळलेली, एका सेकंदाच्या पट्टीत चार मणी. आता कान आणि डोळे एकच गोष्ट सांगतायत हे मुलाला स्वतःला कळतं, माझ्या सांगण्याची गरज राहत नाही. मग झूम करत जायचं, मण्याच्या आत शिरायचं, तिथे बारीक बारीक लहरी दिसतात, प्रत्येक साधारण सव्वादोन मिलिसेकंदाची. मण्याच्या मध्यावर गेलं की वरच्या दोन ट्रॅकवर दोन्ही लहरींचे शेंडे एकाखाली एक आलेले असतात, आणि मणी जिथे आवळलाय तिथे एकीचा शेंडा आणि दुसरीचा खड्डा समोरासमोर. त्या जागेवर बोट ठेवून दाखवता येतं की बघ, इथे ३ वजा ३ झालंय.

याच्याच पुढे इन्व्हर्टचा प्रयोग. ४४० च्या ट्रॅकची कॉपी करायची, इफेक्टमधून इन्व्हर्ट, म्हणजे वरचं खाली आणि खालचं वर. दोन्ही ट्रॅक वेगवेगळे वाजवले तर आवाज अगदी एकसारखा, एकत्र वाजवले तर चिडीचूप. दोन आवाज मिळून शांतता. वर्गात या क्षणी जे होतं ते मला दर वर्षी बघायला आवडतं, कोणीतरी उठून स्पीकरची वायर निघाली का ते बघतं. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन हेच करतात, बाहेरचा आवाज माइकने ऐकायचा आणि त्याची उलटी लहर कानात सोडायची.

बीट्सचं सूत्र करताना एक ठिकाण असं आहे जिथे चांगली हुशार मुलंसुद्धा अडकतात, आणि पुस्तकात ते दोन ओळींत संपवलेलं असतं. ४४० आणि ४४४ ची बेरीज गणिताने केली की ४४२ ची एक वेगवान लहर मिळते आणि तिला बाहेरून आवळणारी एक संथ लहर, जिची फ्रिक्वेन्सी येते २. मग मुलं विचारतात, सर फ्रिक्वेन्सी २ आहे तर बीट्स चार का ऐकू येतात? प्रश्न रास्त आहे. याला डेस्मॉस चांगलं. ब्राउझरमध्ये उघडतं, मोबाइलवरही चालतं, समीकरण टाइप केलं की ग्राफ लगेच, आणि आकड्याऐवजी अक्षर टाकलं की सरकवायचा स्लायडर मिळतो. दोन साइनची बेरीज काढायची, आणि त्याच ग्राफवर वेगळ्या रंगात ती संथ कोसाइन लहर काढायची, दुपटीने मोठी करून. मग दिसतं की ती संथ लहर एका फेरीत एकदा वर जाते आणि एकदा खाली, पण आतली वेगवान लहर दोन्ही वेळेला तेवढीच फुगते. कानाला वर आणि खाली यातला फरक नसतो, कानाला फक्त फुगणं कळतं. एका फेरीत दोनदा फुगणं, सेकंदाला दोन फेऱ्या, म्हणजे चार. संपलं. फळ्यावर हे समजवायला मला पूर्ण तास लागायचा आणि तरी अर्ध्या वर्गाच्या चेहऱ्यावर शंका असायची.

डेस्मॉसमध्ये एक काळजी घ्या, ४४० आणि ४४४ हेच आकडे ग्राफला टाकू नका. स्क्रीनवर मोजके पिक्सेल असतात, त्यात शेकडो लहरी कोंबल्या की नुसता निळा पट्टा दिसतो, नाहीतर खोट्याच नक्षी उमटतात ज्या लहरीत मुळी नाहीतच, आणि मुलं त्याच वहीत उतरवून घेतात. चित्रासाठी १० आणि १२ असे छोटे आकडे, ऐकण्यासाठी मोठे, आणि वर्गाला स्पष्ट सांगायचं की चित्र कमी वेगाचं आहे, गोष्ट तीच.

अजून एक गैरसमज, हा तर सगळ्यात चिवट. स्क्रीनवर लहर नागमोडी दिसते म्हणून मुलांना वाटतं आवाज हवेतून सापासारखा वरखाली करत जातो. नाही. हवा पुढे-मागे होते, कुठे दाटते कुठे विरळ होते, आणि स्क्रीनवर दिसतो तो माइकजवळच्या दाबाचा आलेख, आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर दाब. ईसीजीच्या कागदावर जसा हृदयाचा आकार दिसत नाही तसाच हा प्रकार. यासाठी फेटची सिम्युलेशन्स दाखवतो, अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली कार्ल वीमन यांनी हा प्रकल्प सुरू केला, त्यांना आदल्याच वर्षी फिजिक्सचं नोबेल मिळालं होतं, आणि त्या मानाच्या माणसाने शाळेतल्या मुलांना हात लावून खेळता येईल अशी भौतिकशास्त्राची खेळणी बनवायला घेतली याचं मला फार कौतुक आहे. त्यातल्या लहरींच्या सिम्युलेशनमध्ये स्पीकरपुढे हवेचे कण ठिपक्यांच्या रूपात दिसतात, पुढे-मागे हलणारे. एका ठिपक्यावर नजर ठेवा म्हणायचं, तो कुठेही निघून जात नाही, जागच्या जागी झुलतो. यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत आणि डाउनलोड करून नेटशिवाय चालवता येतात.

इथपर्यंत बेरीज झाली. खरी मजा उलट्या दिशेने, म्हणजे बेरीज हातात आहे आणि त्यातून मूळ आकडे शोधायचे. ७ दिलं तर ते ३ आणि ४ का ५ आणि २ हे सांगता येत नाही, पण लहरींचं तसं नाही, लहर लांबलचक असते आणि त्यातून कुठकुठल्या साइन मिसळल्यात हे काढता येतं. हे फ्रेंच गणिती फूरिएने दाखवलं, तेही आवाजाचा नाही, उष्णतेचा अभ्यास करताना, १८०७ मध्ये मांडलं आणि १८२२ मध्ये पुस्तक आलं. पुढे १८९८ मध्ये मायकेल्सन आणि स्ट्रॅटन यांनी ८० साइन लहरींची बेरीज करणारं यंत्र बनवलं, दांते, स्प्रिंगा आणि तरफांचं, हँडल फिरवलं की कागदावर बेरजेची लहर उमटायची. आज तेच काम खिशातला मोबाइल क्षणात करतो.

मोबाइलवर फायफॉक्स नावाचं ॲप टाका, जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने २०१६ मध्ये काढलेलं, फुकट. त्यात ऑडिओ स्पेक्ट्रम आहे, म्हणजे आवाजात कुठली फ्रिक्वेन्सी किती जोरात आहे याचा आलेख. आता दुसऱ्या मोबाइलचा डायलपॅड उघडा, बटणांचा आवाज चालू करा आणि ५ दाबून धरा. एकच टूं असा आवाज वाटतो ना? स्पेक्ट्रममध्ये बघा, दोन शेंडे, एक ७७० ला आणि एक १३३६ ला. प्रत्येक बटणाचा आवाज हा दोन सुरांची बेरीज असतो. आडव्या ओळींना ६९७, ७७०, ८५२, ९४१ आणि उभ्या रांगांना १२०९, १३३६, १४७७. ५ हे बटण दुसऱ्या ओळीत, मधल्या रांगेत, म्हणून ७७० आणि १३३६. हे १९६३ मध्ये अमेरिकेत सुरू झालं आणि आकडेही मुद्दाम असे निवडले की कुठलाही सूर दुसऱ्याच्या पटीत येत नाही, म्हणजे गोंधळ नको. ‘मराठीसाठी १ दाबा’ म्हणणारं मशीन तुम्ही काय दाबलं हे कसं ओळखतं, तर पलीकडे आलेल्या बेरजेतून ६९७ आणि १२०९ वेगळे काढून. वर्गाचे दोन गट करा, एकाने बटण दाबायचं, दुसऱ्याने न बघता फक्त स्पेक्ट्रमवरून बटण ओळखायचं. दहा मिनिटांत मुलं अख्खा नंबर ओळखायला लागतात, आणि फूरिए विश्लेषण हा शब्द अजून उच्चारलेलासुद्धा नसतो.

मात्र स्पेक्ट्रमलाही मर्यादा आहे आणि ती लपवू नये. ऑडॅसिटीत प्लॉट स्पेक्ट्रममध्ये ४४० आणि ४४४ ची बेरीज टाका आणि साइझ १०२४ ठेवा, दोन शेंडे दिसणारच नाहीत, एकच जाड डोंगर दिसेल. कारण ४४१०० च्या सँपल रेटला, म्हणजे सेकंदाला आवाजाची ४४१०० मोजमापं घेतली तर, १०२४ सँपल म्हणजे फक्त २३ मिलिसेकंदांचा आवाज, आणि तेवढ्यावरून प्रोग्रॅमला ४३ हर्ट्झपेक्षा बारीक फरक करता येत नाही. साइझ ६५५३६ केली की दीड सेकंदाचा आवाज विचारात घेतला जातो आणि दोन्ही शेंडे सुटे होतात. बारीक फरक कळायला जास्त वेळ ऐकावं लागतं. गाणाऱ्यांना हे नवीन नाही, तंबोरा लावताना तार छेडली आणि लगेच सोडून दिली असं कोणी करत नाही, थांबून ऐकतात.

आणि डोळ्यांनी फसायची एक जागा. डेस्मॉसमध्ये एक साइन आणि तिच्या दुप्पट फ्रिक्वेन्सीची दुसरी साइन घ्या, दुसरीला स्लायडरने पुढे-मागे सरकवा. बेरजेचा आकार पार बदलतो, कधी टोकदार, कधी एका बाजूला कललेला, ओळखू येत नाही इतका. मग ऑडॅसिटीत तेच करा, २०० आणि ४०० चे ट्रॅक, आणि ४०० चा ट्रॅक अर्ध्या-पाऊण मिलिसेकंदाने सरकवा. ऐका. जवळजवळ काहीच फरक नाही. फ्रिक्वेन्सी एकच असताना सरकवलं तर आवाज वाढतो किंवा मरतो, ते इन्व्हर्टला बघितलंच, पण फ्रिक्वेन्सी अशा लांब लांब असल्या की कान मुख्यतः कुठला सूर किती जोरात आहे हे बघतो, कोण आधी आलं याकडे फारसं लक्ष देत नाही. म्हणून दोन लहरी वेगळ्या दिसल्या म्हणजे आवाज वेगळे असतील असं नाही. नुसतं चित्र दाखवून शिकवणाऱ्यांच्या हातून हे नेमकं निसटतं, आणि म्हणूनच मी म्युट करून कुठलंही सिम्युलेशन दाखवत नाही.

आता तंबोऱ्याकडे येतो, कारण माझ्या मते आपल्याकडे हा धडा तिथेच पोचायला हवा. तंबोऱ्याच्या मधल्या दोन तारा, म्हणजे जोड, एकाच षड्जाला लावायच्या असतात. थोडा फरक असला की आवाज लाटांसारखा हेलकावतो, तारेत ओवलेला मणी सरकवत सरकवत तो हेलकावा संथ होत जातो आणि शेवटी थांबतो. हे बीट्सच, आणि आपले लोक पिढ्यानपिढ्या कानाने ते शून्यावर आणतायत. पण त्याहून मोठी गोष्ट एका तारेच्या आत आहे. एक तार छेडली की एकच सूर निघत नाही, मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे सगळे एकदम निघतात, ती तारसुद्धा एक बेरीजच आहे. साध्या तारेत हे वरचे सूर लवकर विरतात. तंबोऱ्याची घोडी मात्र रुंद असते, थोडी वक्र, आणि तार व घोडीच्या मध्ये सुताचा धागा सरकवून जवारी लावतात, त्यामुळे तार हलताना घोडीला चाटत राहते आणि वरचे सूर पुन्हा पुन्हा जागे होतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये याचा अभ्यास मांडला. नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या सुरांचा स्थिर बिंदू, म्हणजे तार न हलणारी जागा, असतो ते सूर निघायला नकोत, पण तंबोऱ्यात तेही ठणठणीत ऐकू येतात हे त्यांनी नोंदवलं. आणि हे वाद्य आपल्या मिरजेत बनतं, मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकनही मिळालं.

एका वर्षी वर्गातली एक मुलगी गाणं शिकत होती, तिने घरून काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावलेला तिच्या काकांचा तंबोरा आणला. खर्जाची, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ची, एकच तार छेडायला सांगितली, पाच-सहा सेकंद रेकॉर्ड केली, साइझ ६५५३६ ठेवून स्पेक्ट्रम काढला. काळी एकचा खर्ज म्हणजे ६९.३ हर्ट्झ. गंमत म्हणजे ६९ ला शेंडा अगदीच लहान होता, लॅपटॉपच्या माइकला एवढा खालचा आवाज नीट पकडता येत नाही, पण पुढे १३८, २०८, २७७, ३४६ असे शेंडे ओळीने उभे, सारख्या अंतरावर. मुलांनी कॅल्क्युलेटर काढले. दुप्पट म्हणजे वरचा सा, तिप्पट म्हणजे त्याचा पंचम, चौपट पुन्हा सा, आणि पाचपट? सा च्या सव्वापट, म्हणजे गंधार. तार खर्जाची, गंधार कोणी छेडलेला नाही, आणि तरी तो तिथे आहे. ती मुलगी म्हणाली, सर आमच्या बाई यालाच स्वयंभू गंधार म्हणतात, मला तो कधी ऐकूच यायचा नाही, मी नुसती हो म्हणायचे.

मग ३४६.५ चा एक साइन टोन ऑडॅसिटीत बनवून तिला आधी तो ऐकवला, दोन-तीनदा, मग तो बंद केला आणि पुन्हा खर्ज छेडला. कान कुठे लावायचा हे एकदा कळलं की तो सूर गर्दीतून ओळखीच्या माणसासारखा वेगळा होतो. तिला आला. मागच्या बाकावरच्या दोघांनाही आला, ज्यांचा गाण्याशी काही संबंध नव्हता.

त्यानंतर पेटीवर तोच गंधार दाबला. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, त्यामुळे काळी एकचा गंधार तिथे ३४९.२ ला येतो, तंबोऱ्याच्या गंधारापेक्षा पावणेतीन हर्ट्झ वर. दोन्ही एकत्र वाजवलं आणि तीच मण्यांची माळ स्क्रीनवर, सेकंदाला पावणेतीन मणी, जरा पुसट, कारण खऱ्या वाद्यात इतर सूरही असतात, पण मोजता येण्याजोगी. आकाशवाणीवर १९४० पासून बरीच वर्षं पेटीला बंदी होती, तिच्या विरोधात जी कारणं दिली जायची त्यातलं एक हे सुरांचं होतं, ते आता मुलांसमोर आकड्यात होतं. तास कधीच संपला होता, पुढच्या तासाचे सर दारात येऊन उभे होते, आणि ती मुलगी पेटीचा गंधार सोडून स्वतः गंधार लावून बघत होती, स्क्रीनकडे बघत, मणी लांब होतायत का ते.